दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा देऊ का?

हिंजवडीकर: पावणेपाच वर्षं झाली सपोर्टला, रात्री दोन-दोनला कॉल, आता फोन नुसता व्हायब्रेट झाला तरी छातीत धडधडतं, काल तर जेवताना घास हातातच राहिला आणि आई बघत बसली. ऑफर नाही, नोटीस 90 दिवस, सहा महिने निघतील एवढे पैसे आहेत. सोडू का?

साताऱ्याचा दादा: सोड रे, पण आधी डॉक्टरला दाखव, ते धडधडणं अंगावर काढू नको. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो, स्वतःची पॉलिसी नोटीसमध्येच घे, नव्या पॉलिसीत आजारपणाला पहिले 30 दिवस कव्हर नसतं.

मृण्मयी: थांब, तारखा मोज आधी! 5 वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते, नोटीस धरून तू काठावर आहेस, चार दिवसांसाठी घालवू नको. पीएफपण 5 वर्षांच्या आत काढलास तर टॅक्स लागतो. मी सोडली तेव्हा पहिले पंधरा दिवस नुसती झोपले, मुलाखतींचं नंतर बघितलं.

हिंजवडीकर: मोजलं ताई, आठ दिवस कमी पडतायत. पुढच्या सोमवारनंतर देतो राजीनामा, डॉक्टरची वेळ उद्याचीच घेतलीय.