हायब्रिड गाडीचे मायलेज घटले आहे: बॅटरीवर संशय घ्यावा की रोजच्या वापरावर?

सारथी :
नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी फुल हायब्रिड गाडी आहे, म्हणजे जिच्यात इंजिनसोबत विजेची मोटर आणि बॅटरी असते, पण जिला बाहेरून चार्जिंग करावे लागत नाही अशी. आजवर ती लिटरला २५ किलोमीटरच्या आसपास मायलेज देत आली. अलीकडे मात्र हा आकडा २० वर उतरला आहे. या काळात तीन गोष्टी बदलल्या. कामाचे ठिकाण जवळ आल्यामुळे पूर्वीचा सलग लांबचा प्रवास संपला आणि आता दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच अधिक होतात. चारही टायर नवे बसवले. आणि उन्हाळा सुरू झाल्यामुळे एसी सतत चालू असतो. ओळखीच्या एका मेकॅनिकने हायब्रिड बॅटरी उतरली असावी, अशी शंका व्यक्त केली आहे. एवढ्या मोठ्या खर्चात पडण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्रवेडा :
आधी आकड्याकडे नीट पाहू या. लिटरला २५ वरून २० म्हणजे थेट २० टक्के घट, आणि ती ऐकायला भयंकर वाटते; पण हाच हिशेब शंभर किलोमीटरला किती पेट्रोल लागते असा मांडला, तर पूर्वी ४ लिटर लागत होते आणि आता ५ लिटर लागतात, म्हणजे फरक एका लिटरचा आहे. लिटरला साडेबारा किलोमीटर देणाऱ्या साध्या गाडीला शंभर किलोमीटरसाठी ८ लिटर लागतात; तिच्यावर हाच एका लिटरचा बोजा पडला, तर मायलेज ११ च्या थोडे वर येईल आणि मालकाला त्याचे फारसे काही वाटणार नाही. हायब्रिडचा मूळ खप कमी असल्यामुळे एसी, थंड इंजिन, टायरमधली कमी हवा यांसारख्या नेहमीच्या गोष्टी तिच्या आकड्यात ठळक दिसतात. त्यामुळे मोठी टक्केवारी दिसली म्हणजे मोठा बिघाड आहे, असा अर्थ काढू नये.

आता कारणांकडे वळतो. माझ्या मते तुमच्या घटीचा सर्वांत मोठा वाटा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. हायब्रिडची बचत इंजिन बंद राहण्यात असते. परंतु गाडी थंड असताना ते बंद राहू शकत नाही. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर नीट शुद्ध होत नाही आणि ऑइल व कूलंट कोमट झाल्याशिवाय इंजिनमधले घर्षण कमी होत नाही, म्हणून गाडीला शक्तीची गरज असो वा नसो, संगणक सुरुवातीची काही मिनिटे इंजिन चालूच ठेवतो. लांबच्या प्रवासात ही मिनिटे मोठ्या अंतरात विरून जातात. तीन किलोमीटरच्या फेरीत मात्र जवळजवळ सगळी फेरीच त्यात संपते, आणि गाडी हायब्रिड म्हणून वागू लागण्याच्या आत तुम्ही किल्ली खिशात घालून उतरलेले असता.

थंड हवेत हा परिणाम किती वाढतो, त्याचे आकडे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिले आहेत: शहरातल्या वापरात, २५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत उणे ७ अंशांना साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज सुमारे १५ टक्के घटते, तर हायब्रिडचे ३० ते ३४ टक्के. तुमच्याकडे आता उन्हाळा असल्यामुळे एवढी घट होणार नाही. परंतु छोट्या फेऱ्यांचा फटका हायब्रिडलाच अधिक का बसतो, हे त्यावरून लक्षात यावे.

उपाय गाडीत नसून फेऱ्यांच्या आखणीत आहे. जी कामे वेगवेगळ्या वेळी बाहेर पडून होतात, ती शक्य तेथे एकाच फेरीत घ्यावीत आणि सर्वांत लांबचे काम आधी करावे, म्हणजे इंजिन एकदा पूर्ण तापते आणि पुढच्या थांब्यांनंतर कोमटच सुरू होते. इंजिन गरम व्हावे म्हणून गाडी जागेवर चालू ठेवणे मात्र टाळावे. ते सावकाश चालवतानाच लवकर आणि कमी पेट्रोलमध्ये तापते. दोन किलोमीटरचे अंतर पायी जाण्याचा सल्ला या धाग्यावर देणे औचित्याला धरून होईल की नाही, याची मला खात्री नाही, पण मायलेजच्या दृष्टीने तोच सर्वोत्तम आहे.

मितव्ययी :
यंत्रवेडा यांच्याशी सहमत आहे, परंतु एसीचा त्यांनी ओझरताच उल्लेख केला. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर बहुधा विजेवर, म्हणजे मोठ्या बॅटरीवर चालतो. त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो, पण ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येते. उभ्या गाडीत एसी लावून बसल्यास थोड्या थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होते, ते याच कारणाने. तापलेली केबिन पहिल्यांदा गार करताना सर्वाधिक वीज खर्च होते आणि छोट्या फेरीत हा पहिला टप्पाच काय तो वाट्याला येतो. तेव्हा तुमची एसीची अडचण छोट्या फेऱ्यांच्या अडचणीत मिसळलेली आहे. गाडी सावलीत लावावी, निघताना मिनिटभर काचा उघड्या ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून रिसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवणे) सुरू करावे आणि तापमान १८ ऐवजी २४-२५ वर ठेवावे. एसी पूर्ण बंद करण्याचा हट्ट धरू नये. अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी केबिनमधलीच हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. केबिन तापलेली असेल किंवा त्या जाळीपुढे पिशव्या ठेवल्या असतील, तर बॅटरी गरम होते आणि संगणक तिचे चार्ज होणे व वीज देणे दोन्ही आवरते. ती जाळी आणि तिच्या मागचा फिल्टर सर्व्हिसिंगमध्ये हमखास विसरला जातो.

हळूवाट :
मी गाडी अतिशय सावकाश उचलतो, म्हणजे इंजिन सुरू होणारच नाही अशा बेताने, आणि गाडीला ईव्ही बटण (फक्त विजेवर चालवण्याचे) असल्यामुळे तेही वापरतो. सारथी यांनीही तसे करून पाहावे.

यंत्रवेडा :
हळूवाट, येथे मी असहमती नोंदवतो. बाहेरून चार्ज न होणाऱ्या गाडीत बॅटरीतली प्रत्येक युनिट एकतर इंजिनने तयार केलेली असते किंवा ब्रेक लावताना परत मिळवलेली असते. इंजिनने वीज तयार करायची, ती बॅटरीत साठवायची आणि पुन्हा मोटरला द्यायची, यात प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा उष्णतेत जाते. हट्टाने ईव्हीवर चालून बॅटरी खाली आणली, की नंतर इंजिनला गाडी ओढता ओढता ती भरावीही लागते आणि वाचल्यासारखे वाटलेले पेट्रोल तेथे खर्च होते. पार्किंगमधून गाडी हलवण्यापुरते ते बटण ठीक आहे. एरवी निर्णय संगणकावर सोडावा.

गाडी उचलण्याबद्दलही थोडे लिहितो. या गाड्यांची इंजिने बहुधा अ‍ॅटकिन्सन पद्धतीची (कमी पेट्रोल लागावे अशा रचनेची) असतात आणि मध्यम भारावर ती उत्तम काम करतात. म्हणून डॅशबोर्डावरच्या इको पट्ट्यात राहून बऱ्यापैकी जोमाने हवा तो वेग गाठावा आणि मग पाय हलका करावा. फार रेंगाळत वेग वाढवण्याने फायदा होत नाही. खरी बचत पुढचा लाल सिग्नल दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडण्यात आहे. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगला, म्हणजे ब्रेक लावताना वीज परत मिळवण्याला, मर्यादा असते: मोटर आणि बॅटरी एका क्षणात जेवढी वीज घेऊ शकतात, त्यापेक्षा जोरात ब्रेक दाबला, तर उरलेले काम साधे ब्रेक करतात आणि ती ऊर्जा डिस्क तापवण्यात जाते. लांबून हलका ब्रेक लावल्यास बरेच काही परत मिळते, पण सगळे कधीच मिळत नाही. त्यामुळे ब्रेक लावावाच न लागणे हे उत्तम ब्रेक लावण्यापेक्षाही फायद्याचे ठरते.

हमरस्त्यावर ही सगळी हुशारी निरुपयोगी ठरते, कारण तेथे परत मिळवण्यासारखे काही नसते आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात, की हा रोध सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो. छतावर सामानाची पेटी किंवा कॅरिअर असेल आणि लागत नसेल, तर ते काढून ठेवावे.

घाटवाट :
उताराबद्दल एक शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून लिहितो. फुल हायब्रिडची बॅटरी लहान असते, बऱ्याच गाड्यांत एक-दीड किलोवॉट-तासाच्या आसपास, आणि तिचे आयुष्य टिकावे म्हणून संगणक त्यातलाही मधलाच भाग वापरतो. दीड टनाची गाडी ३०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे १.२ किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. त्यातील काही भाग हवा आणि टायर घेतात हे धरले, तरी लांब उतारावर बॅटरी अर्ध्या वाटेतच भरणार हे उघड आहे. त्यानंतर बी गिअर (इंजिनाने वेग रोखणारा) वापरून इंजिनाच्या रोधाने उतरणे योग्य, कारण ब्रेक तापणे धोक्याचे आहे. सपाट रस्त्यावर मात्र बी लावून चालवू नये. जी ऊर्जा बॅटरीत जाऊ शकली असती, तिचा काही भाग इंजिन फिरवण्यात वाया जातो. तसेच सिग्नलला एन (न्यूट्रल) वर टाकण्याची जुनी सवय असेल तर ती सोडावी, कारण बऱ्याच हायब्रिडमध्ये एन वर बॅटरी चार्जच होत नाही.

सारथी :
सर्वांचे आभार. छतावर काही नाही आणि बी मी वापरत नाही. टायर जुन्याच मापाचे, पण वेगळ्या कंपनीचे आहेत. दुकानदाराने हवा भरून दिली. ती किती भरली, ते मी पाहिलेले नाही. टायरमुळे खरोखर एवढा फरक पडतो का?

चाकदर्पण :
पडतो, आणि त्यातला काही फरक आभासी असतो. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते आणि जुन्याची २ मिलिमीटरपर्यंत झिजलेली असू शकते. त्रिज्येत ६ मिलिमीटर वाढ म्हणजे साधारण दोन टक्के. नवे चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेते, म्हणून ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा दोन टक्के कमी अंतर दाखवतो; प्रत्यक्ष खप तोच असला, तरी २५ च्या जागी साडेचोवीस दिसतील.

खरा फरक रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे टायर फिरताना होणाऱ्या रोधाचा, असतो. जाड, नवे रबर फिरताना अधिक दबते आणि तापते, त्यामुळे झिजलेल्या टायरपेक्षा नवा टायर थोडे जास्त पेट्रोल खातो. शिवाय हायब्रिडला कारखान्यातून बहुतेक वेळा कमी रोधाचे टायर बसवलेले असतात. त्याच मापाचा दुसरा टायर तसा असेलच असे नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरच्या लेबलवर यासाठी ए (सर्वांत चांगली) ते ई अशी श्रेणी दिलेली असते. तुमच्या टायरची श्रेणी मिळाली तर पाहावी. हवा तर आजच तपासावी, पण टायर थंड असताना. चालवून आल्यावर दाब वाढलेला दिसतो. दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला दाब भरावा, टायरच्या बाजूवर छापलेला नव्हे, कारण तो कमाल दाब असतो. चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय हवा कमी असल्यास मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते. म्हणजे हवा महत्त्वाची असली, तरी तुमच्या २० टक्क्यांचा उलगडा एकट्या तिच्याने होणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. हायब्रिडमध्ये साधे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक दाबणारा भाग) गंजून अडकण्याचा संभव असतो. थोडे चालवून आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहावा, डिस्कला लावू नये. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम जाणवले, तर तेथे ब्रेक घासत आहे.

यंत्रवेडा :
आता बॅटरीबद्दल. बॅटरी खरोखर खालावली असेल, तर केवळ मायलेज घटत नाही. डॅशबोर्डावरचा चार्जचा स्तंभ थोड्याच वेळात भरतो आणि तितक्याच झपाट्याने रिकामा होतो, बॅटरीचा पंखा मोठ्याने फिरतो, आणि पुढे हायब्रिड यंत्रणेचा इशाऱ्याचा दिवा लागतो. यांपैकी काहीच दिसत नसेल, तर बॅटरी बदलण्याची घाई करू नये. मनाच्या समाधानासाठी सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून बॅटरीच्या प्रत्येक ब्लॉकचे (सेलच्या गटाचे) व्होल्टेज भार असताना पाहून घ्यावे. एखादा ब्लॉक इतरांपेक्षा बराच खाली जात असेल, तरच तिच्यावर संशय घ्यावा. त्याच वेळी कूलंटचे तापमानही पाहावे. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह रोखून इंजिन तापू देणारी झडप) उघडा अडकला, तर इंजिन कधीच पुरेसे तापत नाही आणि म्हणून बंदही होत नाही. बॅटरीच्या तुलनेत किरकोळ किमतीचा हा भाग बॅटरीच्या दोषासारखीच लक्षणे दाखवू शकतो. मात्र लांबच्या प्रवासातही इंजिन बंद होण्यास टाळाटाळ करत असेल, तरच त्याचा विचार करावा. ऑइल पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे, म्हणजे ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० असे जे असेल ते, भरले आहे ना, हे बिलावर पाहावे. एअर फिल्टर बदलून मायलेज वाढेल असे कोणी सांगितले, तर ते फारसे मनावर घेऊ नये. आधुनिक इंजेक्शनच्या इंजिनमध्ये मळलेल्या फिल्टरने पिकअप कमी होते, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही.

क्रम विचारलात म्हणून: आज हवा, या आठवड्यात मागच्या सीटजवळची जाळी आणि चाकांचे तापमान, आणि त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी पूर्वीच्याच लांबच्या रस्त्यावर, पूर्वीच्याच वेगाने एक सलग प्रवास. त्या प्रवासाचे मायलेज डॅशबोर्डावरून घेऊ नये, तो आकडा अनेकदा थोडा फुगवलेला असतो. निघताना पंपावर नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, परतल्यावर त्याच नोझलवर पुन्हा तशीच भरावी आणि अंतराला लिटरने भागावे. अंतर जितके जास्त, तितकी भरण्यातली चूक कमी. उत्तर २४ च्या आसपास आले, तर गाडी ठणठणीत आहे आणि फरक फेऱ्यांचा व एसीचा आहे. तेथेही २० च आले, तर स्कॅनरची वेळ घ्यावी आणि ब्लॉक व्होल्टेजचे आकडे येथे लिहावेत.