तीन शाळा, पाचवीची 16 मुलं आणि इंग्रजीचा एकच तास : व्हिडिओवर जमेल का?

घाटाखालची बाई

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका केंद्रशाळेत पदवीधर शिक्षिका आहे. इंग्रजी माझा विषय. आमच्या पाचवीचा पट 9. केंद्रातल्या दोन वाड्यांवर द्विशिक्षकी शाळा आहेत, तिथे पाचवीला एकीकडे 4 आणि दुसरीकडे 3 मुलं. त्यातली एक वाडी नदीपलीकडे आहे, पावसाळ्यात साकवावरून जावं लागतं.

केंद्रप्रमुखांनी सुचवलंय की सोमवारी आणि गुरुवारी तिन्ही शाळांच्या पाचवीचा इंग्रजीचा तास मी व्हिडिओवर एकत्र घ्यावा. मला मनापासून करायचं आहे. तीन मुलांच्या वर्गात इंग्रजी संवाद कसला घेणार? तीच तिघं तिसरीपासून एकमेकांना ‘व्हॉट इज युवर नेम’ विचारतायत. नावं काय, घरातल्या गुरांची नावंसुद्धा त्यांना पाठ आहेत. ज्याचं उत्तर ठाऊक नाही असा प्रश्न विचारायला समोर कुणी नवीन असावं लागतं.

गेल्या आठवड्यात चाचणी घेतली. माझा आवाज माझ्याकडेच परत येत होता, वाडीवरची मुलं नुसती टीव्हीकडे बघत बसली होती, आणि मागे तिसरी-चौथी मोठ्याने पाढे म्हणत होती. तिन्हीकडे लोकवर्गणीतून आलेले टीव्ही आहेत, आमच्याकडे लॅपटॉप आणि ग्रामपंचायतीतून आलेली फायबर लाइन. वाड्यांवर शिक्षकांचे स्वतःचे मोबाईल, नेटवर्क खिडकीपाशी मिळतं. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवा असं कृपया सुचवू नका, ते भरपूर आहेत. मला जिवंत तास हवा आहे. कुणी केलंय का? मुलं बोलती कशी होतात?

तारजोडणी

मॅडम, आधी आवाज. मी काही शाळांच्या संगणक खोल्यांचं काम बघतो. चित्र अडकलं तरी तास चालतो, आवाज तुटला की संपतो.

तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येतो तेव्हा दोष तुमच्या खोलीत नसतो, समोरच्या खोलीत असतो. तिथल्या टीव्हीतून तुमचा आवाज बाहेर पडतो, तोच तिथल्या मोबाईलच्या माईकमध्ये शिरतो आणि फिरून तुमच्याकडे येतो. मीटिंगचं ॲप हा प्रतिध्वनी कापायचा प्रयत्न करतं, पण टीव्ही आवाज किंचित उशिरा सोडतो, त्यामुळे ॲपचा हिशेब चुकतो. उपाय असा : टीव्हीचा आवाज शून्य करा आणि प्रत्येक वाडीवर एक स्पीकरफोन घ्या. स्पीकर आणि माईक एकाच डबीत असतात ते, कॉन्फरन्सला टेबलाच्या मध्ये ठेवतात तसे. बोलतो काय आणि ऐकतो काय हे त्या डबीला स्वतःलाच माहीत असतं, म्हणून ती प्रतिध्वनी नीट कापते. मुलं तिच्याभोवती अर्धगोलात बसवा, हात दीड हातावर. टीव्हीसमोर रांगेत नको. वर्गणीचे पैसे उरले असतील तर मोठ्या टीव्हीपेक्षा आधी या डब्या घ्या.

खोलीत दुसरा मोबाईल त्याच मीटिंगला जोडलेला नको, लगेच शिट्टी वाजते. फरशीवर सतरंजी घाला, खिडकीला जुनी चादर लावा, आवाज घुमायचा कमी होतो. पत्र्याखाली जुलैत तास घेत असाल तर मात्र माझ्याकडे इलाज नाही. पावसाच्या सरीत माईक फक्त पत्राच ऐकतो. शाळेत कौलारू खोली असेल तर ती घ्या.

चांगल्या चित्राला दोन्ही दिशांना साधारण दीड-दोन एमबीपीएस लागतात, आवाजाला त्याचा दहावा हिस्साही लागत नाही. म्हणून नेटवर्क मेलं की आधी कॅमेरा बंद करायचा, माईक नाही. हे वाडीवरच्या गुरुजींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते सगळंच बंद करून पुन्हा जोडायला जातात आणि दहा मिनिटं जातात. मोबाईल खिडकीत राहू दे, त्यावरून हॉटस्पॉट घ्या आणि वर्गात दुसरं उपकरण ठेवा. गूगल मीटच्या फुकट खात्यावर तिघं जोडलेले असले तर 60 मिनिटं मिळतात, तुमची तासिका त्यात बसते.

अजून एक. उत्तरासाठी थांबायची सवय लावा. उपग्रहावरच्या वर्गांत हेच व्हायचं. एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह 20 सप्टेंबर 2004 ला श्रीहरिकोटाहून सोडला, पहिल्या टप्प्यात आपल्याकडचं नाशिकचं मुक्त विद्यापीठ त्यावर होतं. असा उपग्रह 36,000 किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला आणखी पाव. फायबर आणि मोबाईलवर उशीर बराच कमी असतो, तरी असतोच. शिक्षकाला वाटतं मूल गप्प आहे, तो पुढचा प्रश्न टाकतो, आणि तेवढ्यात मुलाचं उत्तर येऊन त्यावर आदळतं.

माजी डाएट

तुमच्यासारखाच प्रश्न उरुग्वे या छोट्या देशापुढे होता. सरकारी प्राथमिक शाळांना पुरेसे इंग्रजी शिक्षक मिळत नव्हते. 2012 मध्ये त्यांनी ‘सेइबाल एन इंग्लेस’ हा इंग्रजी शिकवायचा उपक्रम प्रायोगिक पातळीवर सुरू केला. चौथी ते सहावीच्या वर्गात पडद्यावरून शिक्षक इंग्रजी शिकवतो. तो राजधानीत असतो, शेजारच्या अर्जेंटिनात असतो, काही जण तर फिलिपीन्समधूनही शिकवत.

मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेळापत्रक. आठवड्याला तीन तास, त्यातला एकच पडद्यावरचा, 45 मिनिटांचा. उरलेले दोन वर्गशिक्षक घेतो, आणि तो इंग्रजी जाणणारा असेलच असं नाही! त्याच्या हातात तयार पाठटाचण असतं. पडद्यावरच्या तासात नवं आलं ते तो मुलांकडून बोलून घेतो, खेळवतो. दर आठवड्याला हे दोन शिक्षक आपसात बोलतात, कुठलं मूल कुठे अडलं ते सांगतात.

ब्राझीलच्या अमेझोनास राज्यात 2007 पासून मनाउसच्या स्टुडिओतून नदीकाठच्या वस्त्यांना उपग्रहावरून थेट तास दिले जातात, जिथे जायला होडीशिवाय वाट नाही. तुमचा साकव वाचून तेच आठवलं. तिथेही प्रत्येक वर्गात एक शिक्षक हजर असतो. ऑस्ट्रेलियातली ॲलिस स्प्रिंग्जची आकाशशाळा 1951 मध्ये रेडिओवर सुरू झाली, आता इंटरनेटवर आहे, पण दूरच्या गुरांच्या फार्मवर मुलाशेजारी आई किंवा दुसरं मोठं माणूस बसतंच. तीन देशांत, तीन वेगळ्या साधनांवर लोकांनी हे केलं आणि शेजारी बसणारं माणूस कुणीही वगळलं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत : सोमवार-गुरुवार दोन्ही दिवस व्हिडिओ नको. सोमवारी तुम्ही घ्या. बाकीचे तास वाडीवरचे गुरुजी घेतील, टाचण तुम्ही द्या. आणि शुक्रवारी दोन्ही गुरुजींना अर्धा तास फोन करा. हा फोन चुकला तर सोमवारचा तास हवेत राहील.

पायवाट

हे सगळं चांगलं आहे, पण एक काळजी बोलून दाखवतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिलेले आहेत. उद्या वाडीवरचा एक शिक्षक निवृत्त झाला आणि कुणी म्हणालं, ‘व्हिडिओवर चाललंय की, कशाला भरायची जागा?’ तर? वाचणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातच लिहून घ्या की हा तास वाडीवरच्या दोन्ही शिक्षकांच्या जागा भरलेल्या आहेत म्हणून चालतो.

घाटाखालची बाई

@पायवाट, पटलं. ठराव तसाच मांडायला सांगते. @माजी डाएट, शुक्रवारचा फोन ठरला.

तिसरी-चौथीच्या पाढ्यांचं काय करू? आणि मुलं गप्प बसतात त्याचं?

पडद्याअलीकडे

मी शहरातल्या एका मनपा शाळेत शिक्षक. आमच्याकडे व्हर्च्युअल वर्ग होता, स्टुडिओतून एक शिक्षक, समोर पुष्कळ शाळा. मी पडद्याच्या या बाजूला मुलांसोबत बसायचो, त्यामुळे इकडून काय दिसतं ते सांगतो.

एका वेळी एकच शाळा बोलू शकते. बाकीच्या शाळांतली मुलं पहिल्यांदा टक लावून बघतात, मग दप्तराचे बंद ओढायला लागतात. शिक्षक उत्तम असायचे. पण आपला नंबर येणारच नाही हे मुलांना पक्कं कळलेलं असतं. तुमच्याकडे तीनच शाळा आणि 16 मुलं आहेत, हे तुमचं भाग्य समजा. चौथी शाळा कुणी जोडायला सांगितली तर साफ नाही म्हणा.

पहिल्या दिवशी 16 नावं तुमच्या हातात हवीत, आणि प्रश्न नावानेच विचारायचा. ‘वाडीवरची मुलं, सांगा बरं’ असं म्हटलं की कुणीच सांगत नाही. त्यातही आधी वाड्या, शेवटी तुमच्या खोलीतली मुलं. तुमच्या समोरची नऊ जण आपोआप हात वर करतात, तुमची नजर तिकडे जाते, आणि वाडी प्रेक्षक होऊन बसते. जमलं तर सोमवारी स्वतःच्या मुलांकडे पाठ करून पडद्याकडे तोंड करून बसा. किंवा महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः वाडीवर जाऊन तिथून तास घ्या, म्हणजे त्या दिवशी केंद्रशाळा पडद्यावर. आमच्या स्टुडिओतले एक शिक्षक एकदा प्रत्यक्ष शाळेत आले होते. त्यानंतर आमच्या वर्गातली एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, ती माईक मागून घ्यायला लागली. ‘सर मला ओळखतात’ म्हणाली.

एका बाजूला माहिती आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न असेल असा खेळ ठेवा. तुम्ही म्हणालात वाडी नदीपलीकडे आहे. नदीच्या अलीकडे-पलीकडे पाऊस वेगळा असतोच ना? मग रोज सुरुवात ‘इज इट रेनिंग देअर?’ ने होऊ दे. पलीकडचं मूल खिडकीतून बघून सांगेल. ‘हिअर बिग रेन’ म्हणालं तरी घ्या, तुम्ही नीट वाक्य सहज म्हणून पुढे जा, दुरुस्तीला थांबू नका. दुरून केलेली दुरुस्ती मुलाला सगळ्या तीन गावांसमोर केलेली वाटते.

पाढ्यांचं : द्विशिक्षकी शाळा आहे, तेव्हा त्या 40 मिनिटांत एक शिक्षक लहान मुलांना बाहेर घेऊन जातो, ओसरीत नाहीतर मैदानात. दुसरा पाचवीजवळ. हे वेळापत्रकातच लिहून ठेवा. आणि एक गुरुजी प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले असतील त्या सोमवारी वाडीवर थेट तास धरू नका. एकटा शिक्षक पाच वर्ग आणि पडदा सांभाळू शकत नाही. त्या दिवसासाठी छापील काम आधीच पाठवून ठेवा, पोस्टमनसारखं मुलांच्याच हाती आलं तरी चालेल.

पाचवीजवळ बसणाऱ्या गुरुजींना नुसतं बसवू नका. फळा त्यांच्याकडे द्या. तुम्ही शब्द म्हणा, ते तिथल्या फळ्यावर लिहितील. मुलं वहीत उतरवतील ती त्यांच्या अक्षरावरून, पडद्यावरून नाही. गुरुजींचं इंग्रजी कच्चं असेल तर त्यांना आदल्या दिवशी शब्द पाठवा, मुलांसमोर त्यांची अडचण व्हायला नको.

तारजोडणी

कॅमेऱ्याबद्दल राहिलं होतं. टीव्हीच्या वर लावला की मुलांचे भांग दिसतात, चेहरे नाही. टीव्हीच्या खाली, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. मागे खिडकी आली तर चेहरा काळा पडतो. मोबाईलचा कॅमेरा असेल तर त्यात चार-चार मुलं मावतात, वाड्यांवर तेवढीच आहेत.

आणि तास रेकॉर्ड करून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. करायचाच झाला तर पालकांना आधी विचारा. मुलांना माहीत असलं की चूक ग्रुपवर जाणार, तर ती बोलणार नाहीत.

घाटाखालची बाई

खूप आभार सगळ्यांचे. दोन स्पीकरफोनचं केंद्रप्रमुखांशी बोलले, एका डबीचे पैसे माजी विद्यार्थी देतायत. दुसरीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज करते. नावांची यादी आजच मागवली, वाडीवरच्या गुरुजींनी प्रत्येकाच्या नावासमोर घरी कोण-कोण असतं तेही लिहून पाठवलंय. पुढच्या सोमवारी पहिला तास माझ्या शाळेतून न घेता साकवापलीकडच्या वाडीवरून घेते. साकवावर पाणी असलं तर दुसऱ्या वाडीवरून.

@पडद्याअलीकडे, वह्या तपासायच्या कशा ते राहिलंच. फोटो मागवू का?

पडद्याअलीकडे

फोटो नको, त्यात तुमची रात्र जाईल. गुरुजींनी तिथेच तपासाव्यात. तुम्ही आठवड्याला एका मुलाची वही मागवा आणि त्यात तुमच्या हाताने एक ओळ लिहून परत पाठवा. 16 मुलं आहेत, सत्र संपेपर्यंत सगळ्यांची होते.