प्रतिसाद: पोरांना घेऊन कॅम्पिंग, सामान काय न्यायचं

मुलांसाठी स्लीपिंग बॅगा घ्याव्यात का विचारलंय वर. उजनी बॅकवॉटरला एकच रात्र राहायचंय तर कशाला खर्च, घरातल्या सोलापुरी चादरी दोन-दोन पांघरल्या की डिसेंबरातही भागतं, फक्त खाली जाड ताडपत्री अन् सतरंजी पाहिजेच, थंडी जमिनीतनंच वर येते. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी बास, बार्बेक्यूचं लटांबर नको. टॉर्च मात्र प्रत्येक पोराला वेगळा द्या, एकच असला की भांडणं ठरलेली. आणि तंबूची चेन रात्रभर बंदच ठेवा, मण्यार हा विषारी साप रात्रीचाच फिरतो अन् अंथरुणात पण शिरतो, सकाळी बूट उलटे करून झटकायचे, विंचू असतात. जुलाब-उलट्या झाल्या तर द्यायचं ओआरएसचं (मीठ-साखरेची पावडर) एक लिटरवालं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यातच कालवा, ग्लासात अंदाजाने चिमूट-चिमूट नको.