कोर्स न करता बातमी लिहायला कसं शिकायचं?

कोरीपाटी: नमस्कार मंडळी, बीए झालंय, तालुक्याच्या गावी राहतो. इथल्या एका साप्ताहिकाचे संपादक म्हणाले बातम्या पाठवत जा बघू, म्हणून पाठवल्या पण एकही लागली नाही आणि कारणही कोणी सांगत नाही. शाळेत निबंधात कायम नंबर असायचा माझा. डिप्लोमाला पैसे नाहीत, घरबसल्या काय शिकता येईल?

डेस्कवाला: निबंधात नंबर, तिथंच घोळ असणार बघ :) 'पाणी हेच जीवन' अशी सुरुवात असेल तर डेस्कवर, म्हणजे आम्ही बातम्या तपासून छापायला देतो तिथे, पुढचं कोणी वाचत नाही. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं, यातलं सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. 'ग्रामसभेत पाणीप्रश्नावर जोरदार चर्चा' ही बातमी नाही. 'नळ बसवूनही वरच्या आळीला पाणी नाही, ठेकेदाराचं बिल रोखण्याचा ग्रामसभेचा ठराव' ही बातमी. बाकीचं उतरत्या क्रमाने लिही कारण जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. आणि नावं त्या माणसालाच विचारून लिहून घे, आडनाव चुकलं की सकाळी सकाळी फोन.

माळरान: घरबसल्या नाही जमणार भाऊ. ग्रामसभेला जाऊन बस. सरपंच म्हणतील घरोघरी पाणी पोचलं, घरोघरी नळाच्या जलजीवन योजनेचं माप आहे माणशी रोज 55 लिटर, मग तू शेवटच्या नळाखाली बादली धरून बघ ना, आणि मग ग्रामसेवकाला विचार, ठेकेदाराला फोन लाव, नाही उचलला तर तसं लिही पण त्याची बाजू न विचारता बातमी पाठवू नको. कागद देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. 'खर्चाची माहिती द्या' असलं मोघम नको, अमुक कामाच्या एमबीची (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) आणि बिलांची प्रत माग. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं, नाही आलं तर पहिलं अपील.

आडवातिडवा: मानधनाचं कोणीच बोलत नाही वाटतं! उद्या तुला जाहिराती आणायला सांगतील, त्यावर कमिशन. ज्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेतलीस त्याच्याच ठेक्याची बातमी कशी लिहिणार ते आधी ठरव.

कोरीपाटी: बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पोलीस स्टेशनच्या बातम्या लवकर लागतात म्हणे, तिथून सुरू करू का?

डेस्कवाला: कर, पण ठाणे अंमलदाराने तोंडी सांगितलं तेवढ्यावर नको, एफआयआर वाच. पकडला म्हणजे चोर नाही, 'संशयित' लिहायचं. बलात्कार किंवा पोक्सोची (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) केस असेल तर पीडितेचं नाव तर नाहीच, पण शाळा, बापाचं नाव, घराचा फोटो असलं ओळख पटेल असं काहीही नको, थेट गुन्हा आहे तो. बाकी त्या न लागलेल्यांपैकी एखादी इथे टाक, नावं काढून. बघतो कुठे अडलंय.