मदत हवी आहे: श्रवणयंत्राशिवाय एमआरआय कसा करायचा?

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात बाबांचा पोटाचा एमआरआय आहे. श्रवणयंत्राशिवाय त्यांना काहीच ऐकू येत नाही, आणि मशीनमधल्या चुंबकामुळे ते बाहेरच काढून ठेवावं लागतं. मग आत ‘श्वास रोखा’, ‘सोडा’ हे त्यांना कळणार कसं? त्रास झाला तर दाबायला हातात रबरी फुगा (बल्ब) देतात, पण तो त्यांनी बाहेरच्यांना कळवण्यासाठी. उलट दिशेचं काय? पायाला हात लावून खूण करायला, धातूची तपासणी करून, मला आत थांबू देतील का? कुणी असं केलंय?

आई व्हीलचेअरवर असते, तीही येणारच म्हणते (ऐकणार नाही). दारापासून विभागापर्यंत मदतनीस हवा असेल तर आधी नक्की कुणाला कळवायचं, अपॉइंटमेंट देणाऱ्यांना की थेट रेडिओलॉजीला?