टू नाइट्स डिफेन्स: ए५ वरच्या घोड्याचं करायचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रविवारी रत्नागिरीत बुद्धिबळ क्लबात ३० मिनिटांचा डाव हरलो, तो डोक्यातून जात नाहीये. मी काळ्याकडून होतो, इटालियनला (पांढऱ्याची ३. उंसी४ वाली सुरुवात) घोएफ६ ने उत्तर देणारा टू नाइट्स डिफेन्स खेळलो. समोरचे काका निवृत्त शिक्षक, इटालियनवर त्यांचा हात पक्का बसलेला. चाली अशा (घो घोडा, उं उंट, ह हत्ती, व वजीर, नुसतं घर म्हणजे प्यादं; × मारणं, + शह, ०-० किल्लेकोट):

१. ई४ ई५ २. घोएफ३ घोसी६ ३. उंसी४ घोएफ६ ४. घोजी५ डी५ ५. ई×डी५ घोए५ ६. उंबी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंई२ एच६ ९. घोएफ३ ई४ १०. घोई५ उंडी६ ११. डी४ ई×डी३ १२. घो×डी३ वसी७ १३. एच३ ०-० १४. ०-० उंएफ५ १५. घोसी३ हएडी८ १६. बी४ घोबी७

पाचव्या चालीला घोड्याने डी५ मारलं की एफ७ वर घोडा पडतो, ते फ्राइड लिव्हर (घोडा देऊन राजाला उघड्यावर ओढणारा हल्ला) मी दोनदा खाल्लंय. म्हणून घोए५ शिकलो. प्याद्याच्या बदल्यात मोहरी भराभर बाहेर येतात हे पटतं, पण घोडा कडेलाच राहतो.

बी४ आलं तेव्हा पत्र्यावर पाऊस नुसता कोसळत होता, घड्याळात चार मिनिटं. घाबरून घोडा बी७ वर नेला. मग मोहरी कटत गेली, वजीर गेले, आणि वजीरबाजूला त्यांची तीन प्यादी, माझी दोन. पुढचं सांगायला नको.

रात्री घरी पट मांडला तेव्हा सोळाव्या चालीला घोबी७ ऐवजी घोसी४ दिसलं. मला भीती होती की डी३ चा घोडा हलला की ई२ चा उंट सी४ वरचा घोडा खाईल. पण तो घोडा हलूच शकत नाही! समजा घोसी५, तर उंएच२+, राजा एच१ ला, आणि डी८ च्या हत्तीला वजीर मिळतो. एच२ वरच्या उंटाला सी७ वरून वजिराचा जोर आहेच. पंधरा मिनिटं नुसता त्या पटाकडे बघत बसलो होतो.

आता जाणकारांना विचारायचंय. घोसी४ नंतर पांढऱ्याने शांतपणे हई१ केलं तर मी कुठे दाब द्यायचा? हत्ती ई८ वर, की आधी डी३ वर मारामारी? आणि बी४ यायच्या आधीच घोडा बी७ मार्गे परत आणावा का?

पांढऱ्याने ९. घोएफ३ ऐवजी ९. घोएच३ केलं तर काय, हेही मला येत नाही. जगज्जेते स्टाइनिट्झ ते खेळायचे, १९६३ मध्ये फिशरनेही (पुढे तेही जगज्जेते झाले) खेळलं. काकांनी ते काढलं तर काय करू?

मित्र म्हणतो तिसऱ्या चालीला उंसी५ खेळ आणि मोकळा हो. मला हीच ओपनिंग नीट शिकायची आहे. पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्याशीच गाठ आहे, बहुतेक पुन्हा काळ्याकडूनच.