नागपुरात पश्चिमेच्या पूर्ण काचेच्या भिंतींवर बंदी हवी: तुमचं मत काय?

वास्तू_वर्धारोड
वर्धा रोडवरच्या नव्या व्यापारी इमारती बघा. खाली शोरूम, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट आणि रस्त्याकडची अख्खी भिंत काचेची, मग ती पश्चिमेला का असेना. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेल्या शहरात असं बांधलं जातं, याचा मला राग येतो.

नकाशा मंजूर करतानाच पश्चिमेच्या काचेला मर्यादा घालावी आणि जी काच राहील तिला बाहेरून सावली सक्तीची करावी. आतल्या पडद्यांनी फार फरक पडत नाही. ऊन काचेतून आत आलं की ती उष्णता खोलीतच राहते. नुसता छज्जाही पुरत नाही. मे अखेरीस इथे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, २६ मे च्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जा पुरतो. पश्चिमेला मात्र संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून पंचविसेक अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांचा छज्जा काचेची वरची जेमतेम फूटभर उंची झाकतो. त्या बाजूला उभ्या पट्ट्या किंवा जाळी हवी. त्याहून चांगलं म्हणजे जिने, लिफ्ट आणि स्वच्छतागृहं तिकडे टाकावीत.

धरमपेठ_दुकानदार
भाऊ, तुम्ही बंदीची गोष्ट करून राहिले, पण धंदा काचेवर चालते. रस्त्यावरून माल दिसला नाही तर गिऱ्हाईक गाडी थांबवत नाही. जाळीमागं कपड्याचं दुकान कोण पाहील? गाळा भाड्यानं घेणारा पहिल्यांदा फ्रंटेजच विचारतो.

इतवारीची_लेक
दादा, माल तळमजल्यावर दिसायला हवा ना? चौथ्या मजल्यावरच्या अकाउंटंटच्या ऑफिसला पूर्ण काच कशाला? इतवारीच्या जुन्या बाजारातल्या दुकानांचा दर्शनी भाग पूर्ण उघडा असतो, पण वरचा मजला पुढे आलेला असल्यामुळे ओट्यावर सावली असते. माल दिसतो आणि गिऱ्हाईक उन्हात उभं राहत नाही.

थंड_हवा_अभियंता
एसी यंत्रणेची डिझाइन करणं हे माझं काम आहे, म्हणून विरोध नोंदवतो. सरसकट बंदी चुकीची आहे. २०१७ च्या ईसीबीसी, म्हणजे इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या केंद्रीय संहितेत, काच भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंत चालते. उत्तरेची बाजू सोडून इतर काचेतून सूर्याची २७ टक्क्यांहून जास्त उष्णता आत येऊ नये, अशी अट आहे. चांगली दुहेरी काच ही अट पाळते. शिवाय भरलेल्या ऑफिसात माणसं, संगणक आणि बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा यांचाही मोठा भार असतो. काच काढली म्हणजे एसी निम्मा झाला, असं होत नाही.

वास्तू_वर्धारोड
निम्मा होतो असं मी म्हटलेलंच नाही. पण ती संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त वीज-जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. गल्लीतली तीन मजली इमारत त्यातून सुटते. दुसरं म्हणजे काच बिल्डर निवडतो आणि वीजबिल भाडेकरू भरतो. मग महाग काच तो का लावेल?

चांगली उदाहरणं आपल्याच देशात आहेत. जयपूरच्या पर्ल अकादमी या फॅशन कॉलेजात जाळीचं आवरण भिंतीपासून चार फूट पुढे उभं आहे, ऊन आधी जाळीवर पडतं. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ मध्ये एकाच इमारतीच्या एका अर्ध्यात नेहमीचा एसी घातला आणि दुसऱ्या अर्ध्यात छताच्या स्लॅबमधून थंड पाणी फिरवलं. दुसऱ्या अर्ध्याला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. अशी प्रणाली चालते, कारण बाहेरचं ऊन आधीच अडवलेलं असतं.

थंड_हवा_अभियंता
दोन्ही ठिकाणी बांधणाराच वापरणारा आहे. आपल्याकडे शंभर गाळ्यांचे शंभर मालक असतात.

हिरवी_वीट
झिम्बाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर घ्या ना. १९९६ ची इमारत, दुकानं आणि ऑफिसं दोन्ही, आणि नेहमीचा एसी जवळपास नाहीच. रात्रीच्या गार हवेने काँक्रीट थंड करतात आणि दिवसभर तोच गारवा वापरतात. नागपुरात का नको?

थंड_हवा_अभियंता
हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे, नागपूर तीनशेच्या आसपास. मे महिन्यात इथे रात्रीही पारा २८-३०च्या घरात असतो, त्या हवेने स्लॅब काय थंड होणार? नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती युक्ती चालेल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम, ४३ अंशांची हवा तो २७-२८ वर आणतो. पण जुलैत दमट हवा सुरू झाली की तो निरुपयोगी. म्हणजे एसी लागणारच. प्रश्न एवढाच, की तो किती टनांचा आणि किती महिने.

वरच्या_मजल्यावरची
माझ्याकडे जरा लक्ष द्या. अशाच इमारतीत दुकानांच्या वर आमचा फ्लॅट आहे. खालच्या सगळ्या ऑफिसांची आउटडोअर युनिटं डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या उभ्या पोकळीत, टांगलेली आहेत आणि आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच डक्टमध्ये उघडते. एप्रिलपासून ती उघडता येत नाही. दुकानं थंड ठेवायला आम्ही उकडून निघायचं, हा कुठला न्याय?

थंड_हवा_अभियंता
ताई, यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला की खोलीतली साडेतीन किलोवॅट उष्णता उचलतो आणि स्वतःची वीज धरून साडेचार किलोवॅटच्या आसपास बाहेर फेकतो. बंद डक्टमध्ये तीच गरम हवा वरच्या युनिटांत शिरते आणि त्यांची वीजही वाढते. मिश्र वापराच्या इमारतीत गच्चीवर सगळ्या गाळ्यांना थंड पाणी पुरवणारा सामायिक एसी प्लांट सक्तीचा करा. या नियमाला मी आज सही करतो.

धरमपेठ_दुकानदार
आणि त्याचं मेंटेनन्स कोण भरल? आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अर्धे गाळेवाले लिफ्टचे पैसे देत नाही. प्लांट बंद पडला तर मे महिन्यात माझं दुकान बंद. माझा स्प्लिट एसी माझ्या ताब्यात असते, तेवढं तरी राहू द्या.

वास्तू_वर्धारोड
प्रत्येक गाळ्याच्या थंड पाण्याच्या लाइनवर वेगळा मीटर आणि वेगळा व्हॉल्व्ह बसतो, जो भरत नाही त्याचा व्हॉल्व्ह बंद करता येतो. पण प्लांट जितका लहान तितकं तुमचं मेंटेनन्स कमी, आणि तो लहान करायचा तर पश्चिमेची काच कमी करावीच लागेल.